अजून सातवा भाग यायचाय

त्या घरातल्या स्वयंपाकघरात टायमर नव्हता. सासरे होते.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत टायमर होता. एके दिवशी तो सूपच्या पातेल्यात पडला आणि सूपबरोबर उकळून निघाला. नवा आणायचा असं सगळेच म्हणत, पण कुणाचं अडलं नाही. कारण सासरे रोज संध्याकाळी सहाला व्हायोलिन घेऊन बसत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस रोज तेच, त्याच क्रमाने आणि त्याच गतीने वाजवी. आधी अकरा मिनिटांचा सराव, दोनदा. मग चार मिनिटांची एक नाचरी धून. शेवटी सात भागांची एक लांबलचक रचना, बरोबर अडतीस मिनिटांची. दोन सराव संपले की बटाटे शिजलेले असत. नाचरी धून संपली की अंडी काढायची. आणि सातव्या भागाचा शेवटचा सूर विरला की ओव्हनमधून केक बाहेर.

सून एका प्रयोगशाळेत काम करत होती. दिवसभर चिमूटभर पावडरींची वजनं करून ती दशांशचिन्हापुढच्या चार आकड्यांपर्यंत लिहून ठेवायची हे तिचं काम. तेव्हा घरी आल्यावर डोळे मिटून कशावर विश्वास टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने महिनाभर फोनमधलं घड्याळ लावून ती रचना मोजली होती. अडतीस मिनिटांत जास्तीत जास्त फरक अकरा सेकंदांचा! "आमच्याकडचं यंत्रसुद्धा इतकं प्रामाणिक नाही," असं म्हणून तिने वही मिटली आणि त्यानंतर पुन्हा कधी मोजलं नाही. भिंतीवर नऊ घड्याळं होती, गिऱ्हाइकं न्यायला विसरलेली. त्यातली चार बंद होती आणि उरलेली पाच आपसात भांडत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

संगीत म्हणून तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. कोणता भाग चालू आहे तेवढं मात्र ती अचूक ओळखी. रचनांची खरी नावं तर घरात सगळेच विसरले होते. सरावाला 'बटाटे' म्हणत, धुनेला 'अंडी' आणि लांबलचक रचनेला 'केक'.

आणि आता शहराच्या वाद्यवृंदाच्या संचालिकाबाई जेवायला येणार होत्या.

वाद्यवृंदात व्हायोलिनची एक खुर्ची रिकामी झाली होती. सासऱ्यांनी त्या खुर्चीसाठी आधी दोनदा परीक्षा दिली होती आणि दोन्ही वेळा बाईंनी एकच सांगितलं होतं. "अचूक आहे. पण जीव नाही." दुसऱ्या वेळी सासरे घरी आले ते दोन दिवस व्हायोलिनच्या पेटीला शिवले नाहीत. त्या दोन दिवसांत घरात कच्चे बटाटे आणि करपलेला केक झाला, ही गोष्ट वेगळी. ते आता सत्तरीला टेकले होते. ही तिसरी आणि शेवटची वेळ, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. बाईंना घरी बोलवायची कल्पना मात्र सुनेच्या नवऱ्याची. घरच्या वातावरणात बाबा मोकळे होतील, असं त्याचं म्हणणं.

"मोकळे?" सासूबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं ऐकतेय मी. मला बायको असून कधी जीव सापडला नाही, तो त्या बाईंना एका जेवणात सापडणार?"

"मग काय करू म्हणतेस?" सासरे इस्त्रीच्या नव्या शर्टात अवघडून उभे होते.

"जरा थांबत थांबत वाजवा. सुरावर रेंगाळा. कुणी मागे लागलंय का तुमच्या?"

हे बोलणं दुपारी हॉलमध्ये झालं. सून तेव्हा स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. तिच्या कानावर यातलं काही गेलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण घडलं ते एवढ्यामुळेच.

संचालिकाबाई बरोबर सहाला आल्या. उंच, सडपातळ, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेसारख्या चष्म्यावरून बघणाऱ्या. नवऱ्याने सुनेचा फोन उचलून टेबलावरच्या पुस्तकांच्या चवडीवर उभा केला. "बाबांचं रेकॉर्ड करतो. माझ्या फोनमध्ये जागा नाही." सुनेने मान हलवली. तिला फोन कशाला हवा होता? बटाटे गॅसवर होते, केकचं भांडं तयार होतं, आणि घड्याळ हॉलमध्ये खांद्याला व्हायोलिन लावून बसलं होतं.

"काय ऐकवणार?" बाईंनी विचारलं.

"आधी बटाटे," सासरे म्हणाले.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "काय?"

"सराव, सराव! सरावाला घरात तसं म्हणतात," नवरा घाईघाईने म्हणाला.

सराव सुरू झाला. चार मिनिटं झाली नाहीत तोच बाईंनी हात वर केला. "हे राहू द्या. मुख्य काय ते ऐकवा." व्हायोलिन थांबलं आणि त्याबरोबर स्वयंपाकघरात सुनेचा हात आपोआप पुढे होऊन गॅस बंद झाला. दोन वर्षांची सवय. बटाटे अजून दगडासारखे आहेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही, कारण तेवढ्यात रचनेचा पहिला सूर निघाला आणि तिने केक ओव्हनमध्ये सरकवला.

दुसरा भाग संपताच बाहेरून आवाज आला, "हाच भाग पुन्हा एकदा."

सून गडबडली नाही. दुसरा भाग सहा मिनिटं दहा सेकंदांचा, म्हणजे तेवढी भर पडणार. सातवा भागही जवळपास तेवढाच. म्हणजे आज शेवटपर्यंत थांबायचं नाही. सातवा भाग सुरू झाला की लगेच केक काढायचा. हिशेब चोख होता. तिने हात पुसले आणि समाधानाने स्टुलावर बसली.

हिशेबात एकच गोष्ट आली नव्हती. हॉलमध्ये सासरे प्रत्येक सुरावर रेंगाळत होते.

चौथ्या भागात केकचा वास दरवळायला लागला. पाचव्या भागाच्या सुरुवातीला तो खमंग झाला. भागाच्या मध्यावर त्यात जरा वेगळी छटा आली, तशा सासूबाई स्वयंपाकघरात डोकावल्या.

"अगं, झाला वाटतं केक."

"नाही आई. पाचवाच भाग चाललाय."

"मला वास येतोय."

"वासाचं काय, तो आधीपासून येतो."

"बघ तरी उघडून!"

"मध्येच उघडला तर बसतो. मागच्या वेळी तुम्ही बघितलंत तर मधोमध खड्डा पडला होता, आठवतंय ना?"

सासूबाईंनी ओव्हनच्या काचेला नाक लावलं. आतला दिवा कधीचाच गेला होता. काळोखात काळा केक कसा दिसणार?

सहावा भाग सुरू झाला. हा मुळातच संथ. आज तो इतका संथ चालला होता की मध्येच एखादा सूर झोपी गेलाय की काय असं वाटावं. ओव्हनच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. ती हळूहळू जाड झाली. नवरा हॉलमधून चोरपावलांनी आला.

"काय जळतंय?" तो कुजबुजला.

"काही नाही. अजून सातवा भाग यायचाय," सून म्हणाली. तिचेही डोळे आता चुरचुरत होते.

"अगं पण धूर दिसतोय समोर!"

"दिसतोय. पण बाबांच्या वाजवण्यानुसार केक अजून कच्चा आहे."

"तू केकवर विश्वास ठेवणार की बाबांवर?"

"मी महिनाभर मोजलंय," ती म्हणाली.

धूर दारातून हॉलमध्ये गेला. सुनेने फटीतून पाहिलं. सासऱ्यांची नाकपुडी थरथरली. त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली, पुन्हा बाईंकडे गेली. जन्मात प्रथमच ते उशिरा पोहोचत होते. केक झाला होता आणि ते अजून सहाव्या भागातच होते! थांबावं तर खुर्ची जाते, पळावं तर जीव जातो, नि रेंगाळावं तर केक जातो. गज थरथरायला लागला. सूर कापरा झाला, मग आर्त झाला, मग एकदम उसळला. चेहऱ्यावर अशी काही कळा आली की सासूबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. धुराने सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, गालांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून व्हायोलिनवर. ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

सातव्या भागाचा पहिला सूर निघाला आणि सुनेने ओव्हन उघडला. आतून जे बाहेर आलं त्याला केक म्हणणं धाडसाचं होतं. कोळसा म्हटलं तर मात्र त्यात सफरचंदं होती.

बाहेर रचना संपली. संचालिकाबाई चष्मा काढून रुमालाने डोळे टिपत होत्या.

"दोनदा मी तुम्हाला परत पाठवलं," त्या म्हणाल्या. "चूक झाली माझी. हे दुःख कुठे लपवून ठेवलं होतंत इतके दिवस? वाजवताना मनात काय होतं?"

"केक," सासरे म्हणाले.

बाई हसल्या. मोठे कलाकार असेच, स्वतःबद्दल बोलत नाहीत, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी सूप घेतलं, पाव घेतला आणि एक बटाटाही घेतला. तो त्यांनी शेवटपर्यंत कडाकडा चावून खाल्ला, हे त्यांच्या सुसंस्कृतपणाचं लक्षण. रविवारपासून तालमीला या, असं सांगून त्या गेल्या. सासऱ्यांनी पेटीचं झाकण लावताना तीनदा कुलूप उघडलं आणि तीनदा लावलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला, तोही सासऱ्यांना नाही, सुनेला.

"तुमच्याशी जरा मोकळं बोलू? ते पुन्हा घड्याळासारखं वाजवायला लागलेत. पहिल्या तालमीपासून. बाकीचे चाळीस जण त्यांच्यावरून आपली लय लावून घेतात, हे खरं. पण कार्यक्रमात ती रचना त्यांनी एकट्याने वाजवायचीय. बारा दिवस राहिलेत. असंच राहिलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. त्या संध्याकाळी नेमकं काय झालं होतं हो?"

सासरे आतल्या खोलीत शर्टाच्या खिशावर वाद्यवृंदाचा बिल्ला लावून आरशात बघत होते. हे त्यांना सांगायची तिची छाती होईना. तिने एक कोरी वही काढली आणि लिहिलं, 'त्या दिवशी वेगळं काय होतं?'

मग एकेक गोष्ट बदलून पाहणं सुरू झालं. सोमवारी तिने त्यांना नवा शर्ट घालून वाजवायला लावलं. फरक शून्य. मंगळवारी शेजारच्या शिंपीणकाकूंना समोर बसवलं. काकूंना डुलकी लागली, सासरे अडतीस मिनिटांत थांबले. बुधवारी सासूबाईंनी पुन्हा रेंगाळायला सांगितलं. ते रेंगाळले, पण प्रत्येक सुरावर सारखेच. गुरुवारी ती हात टेकायच्या बेतात होती. तेवढ्यात सासूबाई फोनवर बोलत राहिल्या आणि टोस्टरमध्ये पाव करपला. हॉलमधलं व्हायोलिन गहिवरलं.

सुनेने वहीत दोन रेघा ओढून एकच शब्द लिहिला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. घरची मंडळी पहिल्या रांगेत बसली होती. सुनेच्या मांडीवर एक चपटा, घट्ट झाकणाचा डबा होता.

"यात काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"सफरचंदाचा केक."

"आत्ता? इथे?"

"गप्प बस. चौथा भाग चाललाय."

सासरे मंचावर ताठ बसले होते. पहिले चार भाग त्यांनी असे वाजवले की डोळे मिटून बटाटे लावावेत. संचालिकाबाईंच्या कपाळावर आठी दिसू लागली. पाचव्या भागाच्या मध्यावर सुनेने डब्याचं झाकण बोटभर उघडलं आणि कार्यक्रमपत्रिकेने हलकेच वारा घातला.

मंचावर नाकपुडी थरथरली. गज अडखळला, मग थरारला. मागच्या रांगेत कुणीतरी खोल श्वास घेतला. सहाव्या भागात तर सगळं सभागृह अंग चोरून ऐकत होतं. फक्त सुनेच्या पलीकडच्या खुर्चीवरचे गृहस्थ अस्वस्थपणे इकडेतिकडे बघत होते.

"ताई, काहीतरी जळतंय का हो?"

"हो," ती शांतपणे म्हणाली. "थोडं थांबा, अजून सातवा भाग यायचाय."

टाळ्या कितीतरी वेळ वाजत राहिल्या. बाईंनी मंचावरच सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. सासूबाई रुमाल तोंडाशी धरून पुटपुटत होत्या, "बेचाळीस वर्षं लागली बाई."

घरी परतताना सासरे सुनेच्या बरोबरीने चालत होते. पेटी त्यांनी छातीशी धरली होती. कोपऱ्यावर ते थांबले. मग तिच्या हातातल्या डब्याकडे न बघता म्हणाले,

"आजचा दोन मिनिटं जास्त ठेवला होतास."