महाराजांनीं मिनीव्हॅनचे प्लग स्वहस्तें बदलिले त्याची बखर

श्रीकुलस्वामिनी साक्ष असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीस जें वर्तलें तें ऐकोन आमची छाती अद्याप धडधडते, तरी लिहितों. राजे रमाकांतराव महाराज, राज्य म्हणाल तर दोन खोल्या आणि अंगण, परंतु अंगणांत वीस वर्षांची मिनीव्हॅन, ती महाराजांचा जीव कीं प्राण. ती चढावर आचके देऊं लागली, आणि दुसरे दिवशीं भाची केतकी इचें लग्न घाटापलीकडे. बहीण विधवा, तीस भाऊ हाच एक, तेव्हां नवरीस बोहल्यावर आणावयाचा मान महाराजांचाच. राणी शैलजाबाईसाहेब वदल्या, "बसनं जाऊ. कशाला विषाची परीक्षा?" महाराज म्हणाले, "घरची गाडी असताना बसनं? प्लग गेलेत, मीच बदलतो."

मग नवे चार प्लग आणविले, आणि सिंहासन म्हणजे चालकाची सीट उचलिली, कीं इंजिनाचें ठाणें तिचेखालींच, आणि एकेक वायर काढोन एकेक प्लग पान्ह्यानें सोडविला, तों काजळीनें काळा ठिक्कर. राणीसाहेब उजेडास हातबॅटरी धरोन उभ्या होत्या. मग जुने प्लग पेट्रोलांत धुतले, पॉलिश पेपरानें घासले, आणि चहाची आज्ञा जाहली. राणीसाहेब आंत गेल्या तितक्यांत महाराजांनीं काम आटोपिलें, गाडी सुरू करोन दाखविली आणि मिशीस पीळ दिला.

पंचमीस स्वारी निघाली आणि ऐन घाटांत गाडीनें आचका देवोन प्राण सोडिला. राणीसाहेब म्हणाल्या, "नवे प्लग घालून हे असं?" महाराज खालीं पाहोन वदले, "नवे घातले नाहीत. जुने घासल्यावर चांगले निघाले, तेच परत बसवले. नवे कपाटात ठेवलेत, जपून." हर हर! त्या घरीं नवी कपबशी पाहुण्यांस आणि नवी चादर दिवाळीस, हें सर्वांस ठाऊक होतें. परंतु इंजिनाचे प्लगही कपाटांत, हें ऐकोन राणीसाहेब मटकन् दगडावर बसल्या.

इतक्यांत फुलांचा टेंपो आला, त्यांत जागा एकाचीच. राणीसाहेब म्हणाल्या, "तुम्ही जा. मामा तुम्ही आहात." महाराज गाडीवर हात ठेवोन म्हणाले, "हिला रस्त्यावर टाकून कसा जाऊ? कुणी काच फोडली तर?" काय बोलावें! सख्ख्या बहिणीची एकुलती लेक तिकडे वाट पाहते आणि हे काचेचें बोलतात. राणीसाहेबांनीं एकवार त्यांजकडे पाहिलें आणि पदर खोचोन टेंपोंत चढल्या.

महाराज गाडी दोरानें ओढवीत पोहोंचले तेव्हां अक्षता पडोन पंगती उठत होत्या. नवरी पुढें आली, वांकोन नमस्कार केला आणि हळूच पुसिलें, "मामा, गाडी नीट आहे ना?" बोलण्यांत टोमणा नव्हता, पोर खरेंच पुसत होती.

सारांश, लग्न यथासांग जाहलें, नवरीस मामीनें आणिलें, आणि फोटोंत मामा नाहींत. लेखनसीमा.