कपाटातला शनी

माझ्या ज्योतिष पॉडकास्टचा नियम एकच. ग्रह सोडून कशालाही हात लावायचा नाही! रस्ते, पाणी, निवडणुका हे बघायला बाकीची दुनिया आहे.

"अहो, निदान आपल्या लिफ्टबद्दल दोन शब्द बोला की," बायको म्हणाली. "किती झटके देते हल्ली! सेक्रेटरी अर्ज वाचत नाहीत, पण तुमचं राशिभविष्य न चुकता ऐकतात. माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना जमत नाही. काही झालं म्हणजे?"

"म्हणजे गुरू-शुक्रांना मी आता लिफ्टच्या तक्रारी सांगू? माझी काही पत आहे की नाही!"

रेकॉर्डिंग मी बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटात बसून करतो. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. दार लावलं की आत मिट्ट काळोख, नाकाशी सासूबाईंचा लोकरी कोट आणि मांडीवर माइक. तीन आठवड्यांपूर्वी असाच बसून साडेसाती समजावत होतो, तर मानेमागून कुणीतरी कण्हलं. लांब, खोल, दुखणाईतासारखं. दार उघडून पाहिलं, खोलीत चिटपाखरू नव्हतं! रेकॉर्डिंग लावलं तर त्यातही ते होतं, मी 'शनी' म्हटल्यावर लगेच.

टरकलो, खोटं कशाला बोलू! पण एपिसोड टाकला आणि ऐकणारे तिप्पट झाले. "गुरुजी, तो आवाज कुणाचा?" मी ठोकून दिलं, "साक्षात शनिमहाराजांचा!" मग कण्हणं रोजच यायला लागलं. कधी पायाखालून सावकाश वर चढायचं, कधी डोक्यावर येऊन थांबायचं. रामरक्षा म्हणत आत शिरायचो, पण कपाट काही सुटेना.

काल दुपारी वृश्चिक राशीवर आलो आणि तो आवाज किंचाळला. मग धाड! कोट आपोआप हलला. थोड्या वेळानं भिंतीतून कापरा आवाज आला, "कुणी आहे का?"

"आहे, महाराज!" मी हात जोडले. "काय आज्ञा?"

"मला बाहेर काढा! जीव गुदमरतोय!"

"क-कुठून काढू, महाराज?"

"जावईबापू?" भिंत म्हणाली. "अहो, महाराज काय! मी आहे! लिफ्टमध्ये अडकलेय!"

कपाटामागे लिफ्ट वर-खाली करते हे पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या टाळक्यात शिरलं. अनवाणीच धावलो. मेकॅनिकनं दार उघडेपर्यंत तासभर बायको फटीतून आईची बोटं धरून बसली होती. सासूबाई बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तारेचे निम्मे पदर तुटलेत," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "आजी थोडक्यात वाचल्या. पण तार अशी एकाएकी जात नाही. दोन-तीन आठवडे नुसती कण्हत असणार. कुणीच ऐकलं नाही?"

"ऐकलं ना," मी पुटपुटलो. "अकरा हजार जणांनी."

"आणि कुणी विचारलंसुद्धा नाही?"

"विचारलं की. प्रत्येकानं, शनिमहाराजांनाच. आपलं लग्न कधी होईल म्हणून!"