वाळकी फांदी आणि साडेतीन चांदण्या

एका जंगलात, मुलांनो, घर बांधायचं काम नराचं आणि ते नापसंत करायचं काम मादीचं, अशी रीत होती. सगळ्या जंगलात नव्हे हं, फक्त ओढ्याकाठच्या बाभळीवर. तिथे सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नाव सुगरण असलं तरी खोपा विणतो तो बाप्या, हे तुम्हाला शाळेत सांगतात की नाही कोण जाणे.

नराने अर्धा खोपा विणायचा. मादीने येऊन तो आतून-बाहेरून बघायचा. पसंत पडला तर नराने उरलेला अर्धा पुरा करायचा आणि दोघांनी संसार थाटायचा. नापसंत पडला तर नराने मुकाट्याने पुन्हा गवत आणायला जायचं.

या वस्तीत गवतराव नावाचा एक तरणाबांड नर होता. डोक्यावर पिवळीधमक टोपी आणि चोचीत कला. त्याचा जीव बकुळा नावाच्या सुगरणीवर जडला होता. तिच्यासाठी त्याने एकामागून एक तीन खोपे विणले आणि तिन्ही तिने नाकारले. हंगाम संपायला आता आठच दिवस उरले होते. चौथा खोपाही गेला, तर बिचाऱ्याला वर्षभर एकट्याने फांदीवर झोपायचं होतं.

चौथा बघायला बकुळा आली. आत डोकावली, बाहेर आली, फांदीवर दोन उड्या मारून बघितल्या.

"विणकाम सुरेख आहे हो गवतराव," ती म्हणाली. "पण फांदी वाळलेली आहे. मागच्या तीनही वेळा मी हेच म्हणाले होते. शेजारच्या ओल्या फांदीवर बांधा, मी लगेच येते."

आणि भुर्रकन उडून गेली.

गवतराव विचारात पडला. हिला नेमकं म्हणायचं तरी काय असेल?

नेमका त्याच संध्याकाळी जंगलात सिनेमा आला. 'मैनेच्या मनात काय?' असं त्याचं नाव. माद्यांना समजून घेण्यावरचा धमाल प्रेमपट, असं माकडं ओरडत फिरली. मग गवतराव कसला थांबतोय! तो दोन तास आधीच जाऊन बसला.

माकडांनी दोन सागांच्या मध्ये पडदा ताणला. वीज कुठून आली असं विचारू नका, काजवे होते. नरांनी पडद्यासमोर बसायचं आणि माद्यांनी पडद्यामागे, ही जंगलाची जुनी पद्धत. मागून चित्र उलटं दिसतं, पण कुणाची तक्रार नव्हती. निदान समोर बसलेल्यांची तरी नव्हती.

गोष्ट सोपी होती. एक पोपट मैनेला पेरू आणून देतो. मैना म्हणते, "पेरू नको, पोटात दुखतंय माझ्या." पोपट आणखी मोठा पेरू आणतो. ती पुन्हा नको म्हणते. तो त्याहून मोठा आणतो. असं अडीच तास. शेवटी मैना रडत रडत पेरू खाते, पोपट गाणं म्हणतो आणि सिनेमा संपतो.

मैना पोट धरून बसली तेव्हा समोरचे हसून हसून लोळले. पडद्यामागून मात्र आवाज आला, "अहो, ओवा तरी द्या कुणी तिला!" शेवटी समोरच्यांनी डोळे पुसले आणि मागे खसखस पिकली.

सिनेमा सुटल्यावर जो तो मत देत सुटला. गवतराव या फांदीवरून त्या फांदीवर उडत सगळ्यांची मतं गोळा करू लागला.

"अप्रतिम!" सिंहमहाराज म्हणाले. "मध्यंतरानंतर आम्हाला झोप लागली, पण अप्रतिम! आमच्या हिने बघायलाच हवा." हिने बघितला नव्हता. ती महाराजांच्या जेवणासाठी शिकारीला गेली होती.

"नाच कमी पडला," मोर म्हणाला. "मादीला समजून घ्यायचं म्हणजे काय करायचं? तिच्यासमोर नाचायचं. बाकी सगळं पाल्हाळ."

"साफ खोटा सिनेमा," एक कोळी म्हणाला. "मन मोकळं करून बोललं की मादीला पटतं. मी आज घरी जाऊन आमच्या हिच्याशी बोलणारच आहे." तो त्यानंतर कुणाला दिसला नाही.

शेवटी गवतराव घुबडपंतांकडे गेला. घुबडपंत जंगलातले मान्यवर समीक्षक. त्यांनी सिनेमाला साडेतीन चांदण्या दिल्या होत्या.

"पंत, आमची बकुळा म्हणते, फांदी वाळलेली आहे. काय समजायचं?"

घुबडपंतांनी बराच वेळ डोळे मिटले.

"फांदी म्हणजे जीवन," ते म्हणाले. "वाळलेली म्हणजे त्यात प्रेमाचा ओलावा नाही. ती फांदीबद्दल बोलतच नाहीये, बाळा."

गवतरावाला एकदम लख्ख उजाडल्यासारखं झालं. पडद्यामागच्यांनाही विचारावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं होतं. पण त्या पडल्या स्वतःच माद्या. त्यांना माद्यांबद्दल काय कळणार?

मग काय विचारता! सात दिवस गवतराव पंखाला पंख लावून बसला नाही. ओलावा हवा म्हणून त्याने खोप्याला आतून चिखलाचे दोन थर दिले. पेरू हवा म्हणून एक गलेलठ्ठ पेरू दारात टांगला. चिखलात पंधरा काजवे रोवले. दमला, चोच सोलवटली, पण गडी खूश होता. जन्मात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी समजलं होतं.

आठव्या दिवशी बकुळा आली. गवतराव मोरासारखा नाचू लागला. प्रत्येक उडीबरोबर फांदी कुरकुरत होती.

"केवढं केलंत हो!" बकुळाचे डोळे खरंच भरून आले. तिलाही तो आवडत होता, मुलांनो, नाहीतर पाच पाच वेळा कोण येतं? "पण फांदी वाळलेली आहे ना, गवतराव."

गवतराव गालात हसला. "काही बोलू नका, बकुळाबाई. तुमच्या मनातलं मला सगळं कळलंय."

"अहो मनातलं नाही, फांदीतलं सांगतेय! बाजूला व्हा आधी!"

गवतरावाने आणखी एक उडी मारली.

काड्!

फांदी, खोपा, चिखल, पेरू, काजवे आणि गवतराव, सगळं धपकन ओढ्यात. काजवे उडाले, पेरू बुडाला आणि चौथा खोपा डुलत डुलत वाहून गेला.

शेजारच्या ओल्या फांदीवर सुतळ्या नावाच्या नराचा ओबडधोबड खोपा झुलत होता. त्याला सिनेमाला जागा मिळाली नव्हती. परत येताना वाटेत त्याला बकुळा भेटली, तेव्हा त्याने तिला नुसतं विचारलं होतं, "कुठे बांधू?"

बकुळाने एकदा ओढ्याकडे बघितलं. डोळे पुसले आणि ती सुतळ्याच्या खोप्यात शिरली.

गवतराव निथळत काठावर आला. त्याला रडू आवरेना. टोपी चिखलाने माखलेली. वर बघून तो कळवळून ओरडला,

"बकुळाबाई, हे आधी सांगायचं नाही का?"

तात्पर्य: मादीच्या मनातलं ओळखायचं असेल, तर ती बोलत असताना तिकडे अजिबात लक्ष देऊ नये. एकाग्रता भंगते.