चादर कुणाची, सावली कुणावर

"दारात गवत झालं, की चालेन," असं वासंतीबाई म्हणाल्या आणि अनंतराव खांबेट्यांच्या मागे भुंगा लागला.

वासंतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, "रोज चालायचं. मऊ गवतावर अनवाणी चाललात तर उत्तमच. बसून राहिलात तर गुडघा आखडेल." पण घरी आल्यावर वासंतीबाई मागच्या खिडकीतल्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच त्यांचं चालणं. पाऊल टाकायची भीती वाटते, हे शाळेत पोरांना दरडावून आयुष्य काढलेल्या बाईंना कबूल करता येईना.

"सारसबागेत नेतो," अनंतराव म्हणाले.

"रिक्षा करून गवत बघायला? एवढी हौस असेल तर दारात लावा."

त्या टाळायला बोलल्या होत्या. अनंतरावांनी ते शब्दशः घेतलं.

गुलटेकडीच्या त्या जुन्या सोसायटीत तळमजल्यावर दोनच घरं. दोघांच्या मागे मिळून एक परस होता आणि मधोमध विटांची एक ओळ. विटांच्या पूर्वेला अनंतराव, पश्चिमेला मैनुद्दीन तांबोळी. मैनुद्दीन खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. विटांना लागून बदामाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत मैनुद्दीनच्या बायकोचा, मेहरुनभाभींचा पुदिना. त्यांच्या घरी रविवारी मटण शिजलं, की आधी पुदिन्याचा वास यायचा आणि मग मटणाचा.

अनंतराव लोणी काळभोरच्या रोपवाटिकेतून टेम्पोभर गवत घेऊन आले. रोपवाटिकेचा मालक गेनबा गवताच्या गाद्या गुंडाळता गुंडाळता हसत होता.

"साहेब, ही हरळीच हाय. आमच्या बापानं जल्मभर उपटली. आता मी इकतो."

"हिला लागतं काय?"

"ऊन. बाकी ही मरत न्हाई. तुमी माराया बघा."

अनंतरावांनी गवत अंथरलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की बदामाची सावली अर्ध्या गवतावर येते. त्यांनी माळी बोलावला. मैनुद्दीन आणि मेहरुनभाभी तेव्हा लेकीकडे सोलापूरला गेले होते. फांदी हद्द बघून वाढत नाही आणि माळी हद्द बघून छाटत नाही. संध्याकाळपर्यंत झाडाचा खांब उरला.

दोन दिवसांनी मैनुद्दीन परत आले आणि पिशवी हातात असतानाच परसात उभे राहिले.

"अनंतराव, झाडाला न्हावी कुणी लावला?"

"गवताला ऊन लागतं."

"आणि पुदिन्याला सावली लागते. त्याचं काय?"

"त्याला टोपी घाला."

दुसऱ्या दिवशी पुदिन्यावर चार बांबू उभे राहिले आणि बांबूंवर एक डबल बेडची चादर ताणली गेली. चादरीवर पिसारा फुलवलेला मोर होता.

"घातली टोपी," मैनुद्दीन म्हणाले.

सकाळ बरी गेली. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून आलं आणि मोराची सावली सरकत सरकत विटा ओलांडून बरोबर गवताच्या मध्यावर येऊन बसली. पुदिन्यावर मात्र चादरीखालून तिरपं ऊन सरळ आत.

"मैनुद्दीनभाई, तुमचा मोर माझ्या गवतावर बसतो!"

"मग हाकला. तुम्हाला काय, झाडावरची पाखरं हाकलायची सवय आहे."

तरी मैनुद्दीन माणूस सरळ. त्यांनी चादर उंच बांधली. त्याबरोबर सावली आणखी लांब गेली आणि उरलेल्या गवतावरही पडली. अनंतराव पुन्हा ओरडले, मैनुद्दीननी चादर आणखी चढवली. दोघंही रागात होते आणि रागात भूमिती सुचत नाही.

गवत पिवळं पडू लागलं. अनंतरावांना वाटलं, तहानलंय. ते सकाळी पाणी घालत, दुपारी घालत, संध्याकाळी पुन्हा पाइप धरून उभे राहत. मध्येच आत येत, पेपर उघडत, तो उलटा आहे हे कळायच्या आत परत बाहेर जात. उकिडवं बसून गवताकडे बघत. रात्री कूस बदलत आणि "ऐकतेस का, पिवळं जरा कमी वाटतंय ना?" असं अंधारात विचारत.

"अहो, ते गवत आहे, पोस्टमन नाही," वासंतीबाई म्हणायच्या. "वाट बघून लवकर येत नाही."

"तू नुसती चाल गं. मी सिमेंटवर गादी घालतो."

"गवत म्हणाले होते मी."

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आता चालल्या नाहीत तर मग चालताच येणार नाही," असं त्यांनी अनंतरावांना बाजूला घेऊन सांगितलं. घरी आल्यावर अनंतरावांनी चपलाही काढल्या नाहीत. तसेच परसात गेले आणि गवताला पाणी घालू लागले.

तिकडे मैनुद्दीनचीही झोप उडाली होती. पुदिना उन्हानं करपत होता. मेहरुनभाभी रविवारच्या रविवार म्हणायच्या, "मंडईतला पुदिना घालून मी मटण करणार नाही. खायचं असेल तर वरण खा." मैनुद्दीननी चार रविवार वरण खाल्लं होतं.

मे संपत आला आणि एका संध्याकाळी अनंतरावांना पिवळ्या गवतात हिरवं काहीतरी दिसलं. एका जागी नाही, सगळीकडे. त्यांनी चष्मा पुसला.

"अगं, फुटलं! गवत फुटलं!"

ते गुडघ्यावर बसले, एक शेंडा खुडला आणि नाकाशी नेला. त्याला चटणीचा वास येत होता.

"मैनुद्दीनभाई!" अनंतराव खुरपं घेऊन विटांपाशी आले. "तुमचा पुदिना माझ्या हद्दीत घुसलाय!"

मैनुद्दीनही आपल्या बाजूला खुरपं घेऊनच बसले होते. "आणि ही तुमची हरळी? ही काय माझ्याकडे नांदायला आलीय?"

अनंतरावांनी वाकून बघितलं. करपलेल्या पुदिन्याच्या जागी दाट, मऊ, हिरवीगार हरळी पसरली होती. इकडे सावली आणि पाणी बघून पुदिना विटांखालून पूर्वेला आला होता आणि तिकडे ऊन बघून हरळी पश्चिमेला गेली होती. दोघांनीही घरमालकांना विचारलं नव्हतं.

"उपटा तुमचा पुदिना!"

"आधी तुमचं गवत उचला!"

"तुमच्या चादरीमुळे झालं हे!"

"तुमच्या न्हाव्यामुळे झालं!"

"मी बायकोसाठी लावलं होतं ते, कळतंय का तुम्हाला?" अनंतरावांचा आवाज फाटला. "तिला चालायचं होतं!"

मैनुद्दीनना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि खिडकीकडे बघितलं. अनंतरावांनीही बघितलं.

खुर्ची रिकामी होती.

"ओरडून झालं असेल तर बाजूला व्हा," मागून आवाज आला.

वासंतीबाई तांबोळ्यांच्या बाजूला अनवाणी उभ्या होत्या. एक हात मेहरुनभाभींच्या खांद्यावर होता. वॉकर तांबोळ्यांच्या मागच्या दाराला टेकवलेला होता. त्यांनी पाऊल उचललं, ओठ आवळले आणि हरळीवर टाकलं.

"हळू, वहिनी. पडलात तर माझ्यावरच पडाल, घाबरू नका," मेहरुनभाभी म्हणाल्या.

"अगं, पण तू तिकडे कशी?" अनंतरावांना एवढंच सुचलं.

"तुम्ही 'फुटलं' म्हणून ओरडलात. भाभी म्हणाल्या, फुटलंय खरं, पण आमच्याकडे. मी गवत म्हणाले होते. हद्द म्हणाले नव्हते." आणि त्यांनी दुसरं पाऊल टाकलं.

मेहरुनभाभी नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही बघत काय बसलात? ती चादर उतरवा. गवताला ऊन लागतं."

त्या रविवारी अनंतरावांच्या बाजूचा पुदिना खुडून तांबोळ्यांकडे मटण शिजलं. अनंतराव मटण खात नाहीत, पण चटणीची वाटी त्यांनी बोटानं पुसून खाल्ली. जाताना मेहरुनभाभींनी बजावलं, "पुदिना तुमच्याकडे नांदतोय आता. करपला तर तुमच्याकडून भरून घेईन." वासंतीबाई रोज सकाळी चहा घेऊन पश्चिमेला जाऊ लागल्या. चालणं कमी आणि बोलणं जास्त होतं, पण चालणं होत होतं.

मैनुद्दीन आता गवताला जपायचे. त्यावर कुठून उडून आलेलं पानसुद्धा वाकून उचलायचे. अनंतराव मात्र पुन्हा अस्वस्थ झाले. चादर गेली होती, झाड अजून बोडकंच होतं आणि पुदिन्याची पानं कडेनं तपकिरी होत चालली होती. मग एका सकाळी ते उजाडताच उठले, मैनुद्दीनकडून बांबू आणि चादर मागून आणली आणि आपल्या बाजूला नीट ताणून बांधली.

ऊन पूर्वेकडून वर आलं. मोराची सावली विटा ओलांडून पश्चिमेला गेली आणि गवताच्या मध्यावर जाऊन बसली.

"अनंतराव!" मैनुद्दीन ब्रश तोंडात धरून परसात धावत आले. "ती चादर उतरवा आधी! वहिनींच्या गवतावर सावली येते!"

अनंतरावांनी पाइपचं तोंड पुदिन्याकडे वळवलं.

"मैनुद्दीनभाई," ते म्हणाले, "मोर तुमचाच आहे. हाकला."