डावा डोळा आणि उजवं धनुष्य

आमच्या घरात खरेदी हे खातं माझ्याकडे नाही. एकदा मी कुकर आणला आणि झाकण दुसऱ्याच कुकरचं निघालं, तेव्हापासून ते बायकोकडे गेलं. त्यामुळे ती धनुर्विद्येच्या वर्गात नाव घालून आली आणि "एक स्वस्तातलं धनुष्य घ्यायचंय" म्हणाली, तेव्हा गेलेली अब्रू परत मिळवायची हीच संधी, असं मला वाटलं. मी चटकन "मी बघतो" म्हणालो. (मी विमा कंपनीत दुसऱ्यांचे अपघात तपासतो. स्वतःचा समोरून आलेला दिसत नाही.)

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?" बायकोने विचारलं.

"कळायचंय काय त्यात? एक काठी, एक दोरी."

मी दुकानात फोन लावला.

"नेमबाजीसाठी ना? मग रिकर्व्ह घ्या," दुकानदार म्हणाला. "टोकं बाहेर वळलेली असतात ते. किती पाउंडांचं देऊ?"

"आपल्या पैशांत सांगा ना."

"पाउंड म्हणजे किंमत नाही हो. दोरी ओढायला लागणारा जोर."

"मग कमी जोराचं द्या. स्वस्त पडेल."

"जोर कमी केला तरी किंमत तीच. पण शिकायला हलकंच बरं. डावं की उजवं? प्रमुख डोळा कुठला?"

"दोन्ही एकाच हुद्द्यावर आहेत."

मग त्याने समजावलं: दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची आणि तिच्यातून समोरच्याच्या नाकाकडे बघायचं. समोरच्याला फटीतून जो डोळा दिसेल तो प्रमुख. शिवाय पसरलेल्या हातांचं मापही हवं होतं.

बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी म्हणालो, "जरा हात पसर."

तिने आत नजर टाकली. "आई आहे ना घरात," ती हळूच म्हणाली.

"असू दे गं."

तिने लाजत हात पसरले आणि मी खिशातून टेप काढली. हात खाली आले. (दुसऱ्यांदा ते पसरले गेले, पण उत्साह नसल्यामुळे माप बरंच आखूड भरलं.)

डोळ्याचं काम मात्र सोपं होतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो. फटीतून उजवीकडचा डोळा स्वच्छ दिसला.

"उजवीकडचा म्हणजे कुणाच्या उजवीकडचा?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, उजवं ते उजवंच," मी म्हणालो आणि ऑर्डर देऊन टाकली.

खोकं आलं. मी उघडलं आणि लगेच फोन फिरवला. "अहो, धनुष्य मोडून आलंय."

"किती तुकडे आहेत?"

"तीन."

"बरोबर आलेत. जोडायचे असतात. आणि दोरी चढवताना टोकं बाहेर ठेवा."

बाहेर म्हणजे कुणाच्या बाहेर, हे विचारायच्या आत त्याने फोन ठेवला. मला ती टोकं मुळातच भलतीकडे वळलेली वाटत होती. प्रवासात वाकली असतील, असं समजून मी सगळा जोर लावून त्यांना वळणावर आणलं. काय सुरेख कमान झाली म्हणून सांगू. त्या दिवशी बायकोने न मागता चहा दिला.

पहिल्या वर्गाला आम्ही तिघेही गेलो. सासूबाई बाकावर बसल्या. प्रशिक्षक बाईंनी धनुष्य हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"दोरी कुणी चढवली?"

"ह्यांनी," बायको अभिमानाने म्हणाली.

"उलटी आहे." बाईंनी ती उतरवून नीट चढवली, मग बायकोचा डोळा तपासला. "तुमचा डावा डोळा प्रमुख. हे उजव्याचं धनुष्य आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कुकरच्या वेळीही तिने असंच पाहिलं होतं.

"समोरून उजवाच होता," मी म्हणालो.

बाईंनी माझाही डोळा तपासला. तो नेमका उजवा निघाला. "मग हे तुम्हालाच चालेल. या, उभे राहा रांगेत."

बायकोला वर्गातलं डावं धनुष्य मिळालं. तिचा पहिलाच बाण निशाण्यावर, पिवळ्या वर्तुळाच्या शेजारी जाऊन बसला. मग माझी पाळी आली. दोरी ओढली. आता कुठला डोळा मिटायचा, प्रमुख की दुय्यम, हे आठवेना, म्हणून दोन्ही मिटले आणि सोडून दिलं.

डोळे उघडले तर निशाण्यावर माझा बाण नव्हता. मागच्या जाळीतही नव्हता. शिट्टी झाली, सगळ्यांनी धनुष्यं खाली ठेवली आणि अख्खा वर्ग वाकून गवत चाळू लागला. बाई भिंतीपर्यंत जाऊन आल्या. एवढ्या लांब गेला म्हणजे जोर भलताच लागला असणार, असं कुणीतरी म्हणालं, आणि मी जागच्या जागी थोडा ताठ उभा राहिलो.

शेवटी सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "जावईबापू, एक बाण तुमच्या बुटांजवळ पडलाय. मघापासून बघतेय. मला वाटलं, तो वेगळा असेल."