खारींचा बंदोबस्त

"खारींचं मी बघतो," हे वाक्य मी तोंडात पॅनकेक असताना बोललो. तोंड रिकामं असतं तर बोललोही नसतो, कारण रिकाम्या तोंडानं मी विचार करतो. (नोरीनचं म्हणणं वेगळं आहे. पण गोष्ट मी लिहितोय.)

नोरीन माझी बायको. त्या मार्चमध्ये तिच्या डोक्यावर अख्खं जंगल होतं. म्हणजे मेपलचं जंगल, तिच्या वडिलांचं; त्या झाडांचा गोड रस आटवून पाक करतात. सासरेबुवांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना बर्फात पाय टाकायला बंदी केली. मेव्हण्यानं, ड्वाइटनं, लगेच बर्लिंग्टन शहरातून फोन केला: "बाबा, विकून टाका. स्कीइंगवाल्यांना बंगले बांधायला जागा हवीच आहे." सासरेबुवा कमी बोलतात. ते तीन दिवसांनी म्हणाले, "यंदा नोरीन बघेल. रसाची टाकी भरली तर जंगल तिचं. नाही भरली तर विकू."

आता आमच्याकडचा कारभार असा. प्रत्येक झाडाला एक भोक, भोकाला निळी नळी, नळीला नळी जोडत सगळं जंगल एका जाड नळाला बांधलेलं, आणि तो नळ उतारावरून थेट आमच्या गुऱ्हाळात. तिथला पंप सगळ्या जंगलाचा रस ओढतो, पोरं स्ट्रॉनं सरबत ओढतात तसा. स्ट्रॉला चीर गेली की काय होतं ते पोरांनाही माहीत असतं. फुर्रर्र. आणि खारींना या निळ्या नळ्या फार आवडतात. दात शिवशिवले की कुरतडल्या नळ्या. रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, एवढ्या चार आठवड्यांतच रस येतो. त्यात नळ्या फुटल्या तर टाकी कोरडी.

म्हणून मी म्हणालो, खारींचं मी बघतो.

"तू?" नोरीन म्हणाली.

वास्तविक मी गावच्या कचेरीत कुत्र्यांचे परवाने देतो. कुत्र्यांमध्ये माझ्या शब्दाला वजन आहे. खारींना परवाना लागत नाही, त्यामुळे त्यांचा-माझा संबंधच कधी आला नव्हता.

घरात आजोबांची हरणं मारायची रायफल होती. पण तिची एक गोळी म्हणजे हॉटेलातलं एक जेवण, आणि तिनं खार मारली असती तर खारीचा फक्त पत्ता उरला असता. म्हणून मी ऑरिनच्या दुकानात गेलो. ऑरिनकडे खिळे, फावडी, गळाचे किडे, गरम कॉफी आणि बंदुका एकाच काउंटरवर मिळतात. फक्त कप उचलताना बघून उचलावा लागतो.

"काय मारायचंय, आर्मंड?"

"खारी."

ऑरिननं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चष्म्याकडे पाहिलं. "त्यांनी काय केलंय तुझं?"

"मला स्वस्त रायफल पाहिजे," मी मुद्द्यावर आलो, "आणि गोळ्या तिच्याहून स्वस्त."

"मग पॉइंट टू-टू घे. गोळ्या शेंगदाण्यासारख्या मिळतात." त्यानं एक सडपातळ रायफल काढली. "ही बघ. एका वेळी एक गोळी. झाडली की दुसरी हातानं भरायची. माणूस नेम धरायला शिकतो."

"या वयात?"

"बरं, मग ही. सेमी-ऑटोमॅटिक. घोडा दाबलास की गोळी सुटते आणि पुढची आपली आपण चढते. एका दमात दहा. मात्र काही बंदुका नखरेल असतात, स्वस्त गोळ्या घातल्या की अडकतात. ही नाही अडकत. पडेल ते खाते."

माझं मन तिच्यावर बसलं. त्यामागं शास्त्र होतं. माझा नेम दहात एकदा लागतो हे सगळा गाव जाणतो. मग एका वेळी दहा गोळ्या सुटल्या म्हणजे प्रत्येक वेळी एक खार! (हा हिशेब मी ऑरिनलाही समजावून सांगितला. त्यानं मला कॉफीचे पैसे लावले नाहीत. माणूस हेलावला असणार.)

गोळ्यांचं खोकं लिटरभर दुधाच्या खोक्याएवढं होतं. मी दोन घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बर्फावर चालायचे जाळीदार बूट घालून जंगलात शिरलो. नोरीननं थर्मासमध्ये कॉफी आणि कागदात डोनट बांधून दिला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण डोनट इतक्या मायेनं कधी बांधला नव्हता.

पहिली खार लगेच दिसली. तांबडी, मुठीएवढी, नळीवर सर्कशीतल्या पोरीसारखी चालत होती. मागे टेकडीचा चढ होता, म्हणजे सुटलेली गोळी कुणाच्या अंगणात जाणार नाही, एवढी अक्कल मला होती. मी नेम धरला. घोडा दाबला. पुढची गोळी आपली आपण चढली. मग तिच्या पुढची. काय सांगू, इतकी आज्ञाधारक वस्तू माझ्या हाताखाली आयुष्यात आली नव्हती! दहा गोळ्या संपल्या तेव्हा खार वरच्या फांदीवर बसून मला शिव्या देत होती आणि कुठून तरी 'सूंऽऽऽ' असा आवाज येत होता. मला वाटलं, दुसरी खार असेल. दमेकरी.

संध्याकाळी गुऱ्हाळात गेलो. कढई उकळत होती, वाफेनं छप्पर दिसेना. नोरीन पंपावरच्या काट्याकडे बघत उभी होती. रस ओढायची ताकद तो काटा दाखवतो, आणि तो खाली आला होता.

"कालपेक्षा वाईट," ती म्हणाली. "मारल्यास किती?"

"त्या फार माजल्यात," मी म्हणालो. "उद्या जास्त गोळ्या नेतो."

आणि नेल्या. काटा आणखी उतरला. म्हणजे खारी चवताळल्या, असा मी निष्कर्ष काढला आणि तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त गोळ्या नेल्या. हरणाची रायफल असती तर प्रत्येक गोळीआधी माणसानं बायको-मुलांचा विचार केला असता. इथं विचाराला जागाच नव्हती, गोळ्या शेंगदाण्यासारख्या! चौथ्या दिवशी एक चमत्कार दिसू लागला. खारी मला बघून पळेनात. उलट मी आलो की झाडावरून खाली उतरून बसत. मी मनात म्हटलं, शरण आल्या.

रविवारी सासरेबुवा काठी टेकत गुऱ्हाळात आले. सोबत ड्वाइट, पायात शहरी बूट. ड्वाइटनं काट्याकडे बोट दाखवलं. "बघा बाबा. टाकी अर्धीसुद्धा नाही. खारींनी जंगल पोखरून टाकलंय. कुणी जोडत बसायचं हे दरवर्षी? मी सांगत होतो, विका."

मान वळवून नोरीननं डोळे पुसले, वाफ गेल्यासारखे. वाफ दुसऱ्या बाजूला जात होती.

सासरेबुवांनी बादलीतला नळीचा एक तुकडा उचलला. फुटलेले तुकडे कापून नोरीन त्या बादलीत टाकत असे. त्यांनी तो डोळ्याशी धरला. मग आडवा धरला. नळीच्या अंगावरच्या भोकातून त्यांचा निळा डोळा थेट माझ्याकडे बघत होता.

"नोरीन," ते म्हणाले, "ही खार भलत्याच घाईत होती. या बाजूनं शिरली आणि त्या बाजूनं निघून गेली."

मी चष्मा पुसायला घेतला.

"असतात तसल्याही," नोरीन पटकन म्हणाली. "यंदा दात मोठे आहेत त्यांचे."

"गोल दात?" सासरेबुवा म्हणाले.

"गोल."

सव्वीस वर्षांत माझ्यासाठी ती प्रथमच खोटं बोलत होती, तेही बापाच्या तोंडावर. आणि ड्वाइट विजयी चेहऱ्यानं मान हलवत होता: "म्हणजे खारीच. मग विकायलाच पाहिजे!" माझ्या लक्षात आलं की मी गप्प बसलो तर माझी अब्रू वाचते आणि तिचं जंगल जातं. माझी अब्रू किती मोठी आहे हे कचेरीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

"खारी नाहीत," मी म्हणालो. "मी आहे."

"काय?" ड्वाइट.

"भोकं माझी आहेत. सगळी. सेमी-ऑटोमॅटिक आहे ती," मी उगाचच खुलासा केला.

सासरेबुवांचा चेहरा हलला नाही. "आणि खारी किती मारल्यास?"

"अजून... सुरुवात व्हायची आहे."

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी नोरीनला विचारलं.

"मंगळवारपासून. तुझ्या मागून येऊन मी जोडत होते. तू पुढं भोकं पाडायचास, मी मागं जोडायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्यासाठी तू पहाटे उठत होतास रे. आपणहून." तिनं कढईवरचा फेस काढला. "वाटलं, दोन दिवसांत गोळ्या संपतील. त्या इतक्या स्वस्त असतील हे मला काय ठाऊक!"

"पण खारींनी कुरतडलं तर असेलच की!" ड्वाइटनं शेवटचा प्रयत्न केला.

"आठवडाभरात एकाही नळीवर दात नाही," नोरीन म्हणाली. "पंप थांबला की याच्या भोकांतून रस ठिबकतो. खारी तिथंच येऊन पितात. कशाला कुरतडतील? यानं त्यांना पाणपोई घालून दिलीय."

म्हणजे त्या शरण आल्या नव्हत्या. मी कधी नवा नळ सोडतो याची वाट बघत बसत होत्या.

सासरेबुवांनी रायफल भिंतीवरच्या खुंटीला टांगली आणि मग कुलपाचं कपाट कुठं दिसेना म्हणून परत काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. पुढचे दिवस मी बर्फात गुडघ्यावर बसून नळ्या जोडत होतो, आणि वरून खारी मला मालकाच्या सुरात ओरडत होत्या. काटा हळूहळू चढला. मग आठवडाभर सुरेख थंडी-ऊन पडलं आणि रस असा धावला की टाकी काठोकाठ भरून उरलेला दुधाच्या कॅनमध्ये साठवावा लागला. नोरीननं मधेच झाकण उघडून मला दाखवलं.

हंगाम संपल्यावर सासरेबुवांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मोजकंच बोलणारा तो माणूस, बीन्स आणि हॅम वाढून झाल्यावर म्हणाला, "जंगल नोरीनचं."

"बाबा, एकाच वर्षावरून?" ड्वाइट कुरकुरला. "पुढं कसलीही संकटं येतील. वादळ येईल, बर्फ पडणार नाही, रोग पडेल. एकटीला जमेल का तिला?"

"मलाही तीच शंका होती," सासरेबुवा म्हणाले. त्यांनी जेवणाच्या काट्यानं माझ्याकडे निर्देश केला. "पण आर्मंड जंगलात असताना हिनं टाकी भरून दाखवली. आता वादळाचं काय घेऊन बसलास?"

मला भरून आलं. टेबलाला वळसा घालून मी त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्या हातभाराची दखल घेतल्याबद्दल मनापासून आभार मानले. ते माझं कौतुक नव्हतं हे मला परत येताना गाडीत कळलं. तेसुद्धा नोरीनला हसू आवरेना आणि गाडी रस्त्याकडेला थांबवावी लागली म्हणून.