तीन ओळींची पडताळणी

आमच्या भाऊजींना दोन नाद. एक, ते बिअर बनवतात. दोन, ते तीन ओळींच्या कविता करतात. पहिल्या नादाचा त्यांच्याकडे रीतसर परवाना आहे. दुसऱ्यालाही परवाना लागू शकतो, हे गेल्या वर्षापर्यंत आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

कारखाना म्हणजे घरामागची शेड. दोन टाक्या, झाकणं बसवायचं एक यंत्र आणि एक खुर्ची. टाकीत बिअर आंबत असते तोवर भाऊजी खुर्चीत बसून कविता करतात. दोन्हींना साधारण सारखेच दिवस लागतात. मी ताईचा धाकटा भाऊ. माझा छापखाना आहे, म्हणून बाटल्यांची लेबलं माझ्याकडे. कविता कोणाकडेच नव्हत्या.

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ताईनं भाऊजींची एकही कविता पुरती ऐकली नव्हती. तीन ओळींचीसुद्धा. दुसऱ्या ओळीला तिला हमखास गॅसवरचं दूध आठवायचं. पण ही एक तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, "ही ठेवा." बस्स. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. नव्या बॅचच्या तीनशे बाटल्यांवर हीच कविता छापायची असं त्यांनी जाहीर केलं. कविता अशी:

खिडकी पुसली.
पलीकडे तू होतीस,
अलीकडेही.

लेबल मंजुरीसाठी सरकारी कार्यालयात गेलं, बिअर बाटल्यांत भरली गेली. ही बिअर नव्वद दिवस झकास राहते, पुढे तिची चव उतरते. चोविसाव्या दिवशी पत्र आलं: "सदर लेबलावर एकूण तीन विधाने आढळून आली. लेबलावरील प्रत्येक विधान पडताळणीयोग्य असणे बंधनकारक आहे. विधान क्रमांक दोन व तीन परस्परविरोधी आहेत. सबब खुलासा सादर करावा."

मी आणि भाऊजी खुलासा करायला गेलो. लेबल अधिकारी अतिशय सभ्य गृहस्थ. टेबलावर एक कागद तिरका नाही. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि विचारलं, "ही व्यक्ती एकाच वेळी खिडकीच्या दोन्ही बाजूंना कशी?"

"साहेब, ती कविता आहे," भाऊजी म्हणाले.

"ते नंतर बघू. आधी व्यक्ती कुठे होती ते सांगा."

"आत होती. काचेत प्रतिबिंब दिसलं."

"मग तसं लिहा ना. ग्राहकाची दिशाभूल कशाला?" अधिकारी खालच्या आवाजात म्हणाले, "आणि बघा, ही बिअर प्यायल्यावर एका माणसाची दोन माणसं दिसतात, असा तुमचा दावा आहे, असाही अर्थ निघतो. मग हे प्रकरण आरोग्य विभागाकडे जाईल."

इथे भाऊजींनी अशी चूक केली, जी फक्त कवीच करू शकतो. त्यांनी अधिकाऱ्याला खरं सांगितलं. म्हणाले, "नाही हो, खिडकी खरीच आहे. आमच्याच घरातली."

झालं. स्थळपाहणी लागली.

एकेचाळिसाव्या दिवशी अधिकारी टेप घेऊन घरी आले. खिडकी मापली. ताईला आधी बाहेर उभं केलं, मग आत. "बाई, त्या वेळी आपण नक्की इथे होतात?"

"मी कुठे जाणार?" ताई म्हणाली. "बावीस वर्षं इथेच आहे."

हा जबाब नोंदवला गेला. अहवालात मात्र शेरा पडला: "खिडकी अस्वच्छ आढळली. विधान क्रमांक एक असत्य." बारा तास राबणाऱ्या बाईच्या घरातली काच घाण आहे, हे आता सरकारी कागदावर आलं होतं. शेवटी अधिकाऱ्यांना पुन्हा बोलावून भाऊजींनी त्यांच्यासमक्ष खिडकी पुसली, तेव्हा कुठे पहिली ओळ मंजूर झाली.

मी म्हटलं, "भाऊजी, कविता काढा. नुसतं नाव छापतो, उद्या मंजुरी मिळेल. बिअर तरी वाचेल."

"बावीस वर्षांत तिनं एक ठेवली," भाऊजी म्हणाले. "आणि तीच मी काढू?"

मी लेबल तसंच ठेवलं.

उरलेल्या दोन ओळींसाठी तज्ज्ञ समिती नेमली गेली. एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, एक कायदा सल्लागार आणि एक नामवंत कवी. हे नामवंत एका ओळीच्या कविता करतात आणि प्रत्येकीला अकरा पानांची प्रस्तावना लिहितात. कविता बिअरशी सुसंगत आहे की नाही हे बिअर न चाखता ठरवणं अन्यायाचं होईल, असं समितीचं पहिल्याच बैठकीत एकमत झालं. बारा बाटल्या गेल्या.

रसायनतज्ज्ञांनी ग्लासात नाक घालून सांगितलं, ओल्या लाकडाचा वास येतो. नामवंत डोळे मिटून म्हणाले, "मला एकटेपणा लागतोय. जिभेच्या डाव्या कडेला." इतिवृत्तात नोंद झाली: "आशय पूर्णपणे उमगला नाही. पुढील बैठकीस चोवीस नमुने सादर करावेत."

पुढे दुसऱ्या ओळीची उपसमिती निघाली, तिसऱ्या ओळीची निघाली. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेबद्दल इतर विभागांचे अभिप्राय मागवले गेले, आणि एरवी वर्षानुवर्षं अभिप्राय न देणारे विभाग त्याच संध्याकाळी हजर झाले. सहाव्या बैठकीत कायदा सल्लागार स्वतःच कविता करू लागले. त्या छापून द्याल का, असा मला फोन आला. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मंजुरी आली. कविता जशीच्या तशी मान्य! फक्त तिच्याखाली तीन टिपा छापायच्या होत्या. एक, 'पलीकडे' म्हणजे प्रतिबिंब समजावे. दोन, 'तू' म्हणजे ग्राहक नव्हे. तीन, खिडकी बाटलीसोबत मिळणार नाही. मंजुरी त्या बॅचपुरतीच होती. बॅचच्या दोन बाटल्या शिल्लक होत्या, त्या कार्यालयाच्या दप्तरी जमा करायच्या होत्या.

भाऊजी स्वतः घेऊन गेले. चिडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "साहेब, कवितांचं पुस्तक काढलं तर काय काय परवानग्या लागतील?"

"पुस्तक?" अधिकारी हसले. "काहीच नाही. हवं ते छापा."

"असं का?"

"अहो, बाटली लोक हातात घेतात. मागचं पुढचं सगळं वाचतात. जपावं लागतं. पुस्तकातल्या कवितेनं कोणा नागरिकाला काही झाल्याची एकही तक्रार आमच्याकडे नाही." ते मनापासून धीर देत होते.

मी पुस्तिका छापली. टिपांशिवाय, जाड कागदावर, पहिल्या पानावर ताईनं ठेवलेली कविता. प्रकाशन शेडमध्येच ठेवलं. नव्या बॅचच्या बाटल्या फोडल्या, साध्या लेबलाच्या. साठ माणसं आली. बिअरचं तोंड भरून कौतुक झालं. सगळे गेल्यावर ताई टेबलं आवरायला लागली. प्रत्येक पुस्तिकेवर ओल्या ग्लासाचा गोल डाग होता. तिनं एकेक पुसून उन्हात ठेवली, आणि भाऊजी खुर्चीत बसून ते बघत राहिले.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे अधिकाऱ्याला शिव्या घालतात, समितीवर पोट धरून हसतात, आणि जाताना हळूच विचारतात, "ही बिअर मिळते कुठे?" तुम्हालाही तेच विचारायचं असेल. संकोच करू नका, पत्ता देतो. त्याआधी फक्त ती कविता म्हणून दाखवा. तीनच ओळींची आहे. वर बघायचं नाही.